चाकांवरची चूल

गल्लीच्या अगदी टोकाला एक घर होतं आणि त्या घराच्या स्वयंपाकघरात तीन राज्यं भेटत. शेजारणी भेटतात तशी, काही काम नसताना. ओट्यापासून चार हात अंतरावर, फरशीच्या बरोबर मध्यात एक पितळी खिळा होता, नाण्याएवढ्या डोक्याचा. कधीकाळी मोजणीवाल्यांनी ठोकलेला. त्या खिळ्यापासून तीन रेघा निघत. त्या कुणाला दिसत नसत, पण घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ होत्या. एक ओट्याकडे जाई, एक मोरीकडे, आणि एक पुढच्या खोलीच्या दारातून बाहेर पडे. मागच्या दाराशी चढाकडचा तुकडा वरच्या राज्याचा, खिडकीशी उताराकडचा खालच्या राज्याचा आणि फडताळाशी नाल्याकडचा पलीकडच्या राज्याचा. राज्यांना मोठमोठी सरकारी नावं होतीच, पण घरात म्हणत ते वरचं, खालचं आणि पलीकडचं, एवढंच.

"मी रोज सकाळी तीन राज्यं झाडून काढते," सासूबाई म्हणत. "एकाही सरकारने कधी दखल घेतली नाही."

असल्या घरांचं करायचं काय, यावर तिन्हीकडचे साहेब फार पूर्वी एकदा बसले होते म्हणे. दारावरून ठरवावं, तर या घराला दारं दोन. अंथरुणावरून ठरवावं, तर उन्हाळ्यात माणसं गच्चीवर झोपतात. शेवटी कुणीतरी म्हणालं, चूल बघा. माणूस दिवसभर कुठेही भटकेल, पण चूल कुठे जाते उठून? तेव्हा जिथे चूल पेटते, ते त्या घराचं राज्य. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि उठले. घरोघरी मातीच्या चुली होत्या त्या काळात हे बरोबरच होतं. मग गॅस आला. गॅसला नळी आली. आणि या घराचा थोरला मुलगा वेल्डर निघाला.

त्याने उरल्यासुरल्या लोखंडी पट्ट्यांचा एक गाडा केला. वर शेगडी, खाली सिलेंडर, चार कोपऱ्यांना चार चाकं आणि ढकलायला दांडी. चारांतलं एक चाक पहिल्या दिवसापासून कुरकुरत होतं. "उद्या तेल घालतो," असं तो म्हणाला होता. त्या उद्याची घरात अजून वाट बघणं चालू होतं.

त्यानंतर चूल फिरायला लागली. सासरे होते तेव्हा त्यांच्या दम्याची औषधं खालच्या राज्यातून मिळत, तेव्हा ती खिडकीशी असे. थोरल्याला वर्कशॉपचा परवाना वरून हवा होता, तेव्हा ती मागच्या दाराशी गेली. यात खोटं म्हणाल तर काहीच नव्हतं. चूल जिथे म्हणत तिथे खरोखरच पेटत होती, भात खरोखरच तिथे शिजत होता. गल्लीतले लोक येताजाता विचारत, "काय, आज कुठल्या राज्यात जेवणार?"

अशा या घरात थोरल्याची बायको म्हणून जी आली, तिला सगळे मास्तरीण म्हणत. लग्न होऊन आल्या आठवड्यातच तिने गल्लीतली पोरं पायऱ्यांवर बसवून त्यांना गाणी शिकवली होती, आणि दुसऱ्या आठवड्यात ती गाणी चुकीची म्हटल्याबद्दल धाकट्या दिराला टोकलं होतं. नाव पडायला एवढं पुरे. पुढे ती बसने जाऊन एका शाळेत शिकवायलाही लागली. मग ठमी झाली आणि शाळा सुटली.

ठमी आता आठ महिन्यांची होती. गोल, गंभीर चेहऱ्याची. एखाद्या निवृत्त न्यायाधीशासारखी मांडी ठोकून बसायची आणि कुणी कितीही तोंडं वेडीवाकडी केली तरी ढिम्म हसायची नाही. हसायची ती फक्त एका गोष्टीला. गाड्याचं चाक कुईं करून वाजलं की तिचा न्यायाधीश एकदम विरघळायचा, आणि ती पोट धरून, म्हणजे जे काय सापडेल ते धरून, खिदळायची.

मास्तरणीला आपल्या लेकीचा कंटाळा आला होता असं नाही. तिच्या मानेच्या वळीत नाक खुपसलं की सगळा दिवस भरून पावल्यासारखं वाटे. पण सकाळपासून "अगं गं गं" आणि "कोण आलं, काऊ आला" एवढंच बोलून संध्याकाळी तिला वाटे, आपली जीभ आपण कुठेतरी ठेवली आणि कुठे ठेवली ते विसरलो. एकदा तर नवरा कामावरून आला तेव्हा तिने त्याला "आले का आमचे बाबू, दमले का आमचे बाबू" असं विचारलं होतं. तो बिचारा हो म्हणून गप्प जेवला.

आणि मग बालवाडीचं आलं.

मागच्या दारातून बाहेर पडून चढ चढलं की वरच्या राज्याची बालवाडी. तिथली एक शिक्षिका काम सोडून चालली होती. बालवाडीच्या मोठ्या बाई स्वतः उतरून घरी आल्या, ठमीला गुडघ्यावर घेतलं आणि म्हणाल्या, "तू ये. हिलाही आण. मागच्या खोलीत झोळी बांधू. रडली तर ऐकू येईल, भूक लागली तर जाऊन पाजून येशील." घरात तान्हं मूल असलेल्या बाईला असं काम सांगून येतं का कुठे? मास्तरणीने हो म्हणायच्या आधी मान हलवली आणि मान हलवायच्या आधी डोळे भरून घेतले.

"फक्त एक," मोठ्या बाई म्हणाल्या, "काम आमच्या राज्यातल्यांसाठी आहे. गुरुवारी साहेब येतील चूल बघायला. ती आमच्याकडे नसली तर मला दुसरीला बोलवावं लागेल. तशी एक जण टपूनच बसलीय."

अडचण अशी की चूल त्या वेळी खिडकीशी होती, खालच्या राज्यात. धाकट्या दिरासाठी. भावजींना खालच्या राज्याच्या अग्निशमन दलात जायचं होतं. धावणं झालं होतं, दोरीवर चढणं झालं होतं, राहिली होती ती फक्त चुलीची पाहणी. त्यासाठी साहेब येणार येणार म्हणून महिना उलटला होता, आणि ते काही येत नव्हते.

त्या रात्री जेवताना विषय निघाला.

"वहिनी, सोपं आहे," भावजी घास चावत म्हणाले. "दोन शेगड्या आणू. एक मागच्या दाराशी तुझी, एक खिडकीशी माझी."

सासूबाईंचा हात भाताच्या पातेल्यात होता तिथेच थांबला. "म्हणजे चूल वेगळी करायची? माझ्या डोळ्यांदेखत?"

"तशी वेगळी नाही गं आई. नावापुरती."

"चूल नावापुरती वेगळी होत नसते. आज शेगडी, उद्या डबे, परवा मधे भिंत. या घरात तीन सरकारं शिरली, ती मी चालवून घेतली. चूल एकच राहील."

एवढं बोलून त्यांनी भावजींच्या पानात मीठ वाढलं. ते तिसऱ्यांदा.

अलीकडे हे असंच चाललं होतं. सासूबाई वरणात मीठ दोनदा घालत आणि चहात एकदाही साखर घालत नसत. सुई ओवायला मास्तरणीला हाक मारत. भावजींना थोरला समजून वर्कशॉपचं विचारत आणि थोरल्याला धाकटा समजून दोरीवर चढलास का म्हणत. कुणी काही बोललं की त्यांचं उत्तर तयार असे: "खालच्या राज्याची वीजच मेली मिणमिणती. चूल वर होती तेव्हा सगळं लख्ख दिसायचं." घरातले सगळे यावर हसत. खालच्या राज्याची वीज तशी खरोखरच मिणमिणती होती, त्यामुळे पुढे कुणी विचार केला नाही.

शेवटी ठरलं ते असं की गुरुवारी चूल वर न्यायची. महिनाभर न आलेला माणूस नेमका गुरुवारीच कशाला कडमडतोय?

गुरुवारी सकाळी मास्तरणीने इस्त्रीचे कपडे घातले. ठमीला न्हाऊ घालून पंच्यात गुंडाळलं, तोवर खांद्यावरच्या इस्त्रीचा बोऱ्या वाजला होता. थोरला कामावर जाता जाता गाडा मागच्या दाराशी ढकलून गेला, चाक कुईं करून वाजलं आणि ठमीने दिवसाची सुरुवात हसून केली.

गाड्यावरची आताची शेगडी मास्तरणीच्या माहेरून आलेली होती, तीन बर्नरची. दोन मोठे मागे आणि एक छोटा पुढे, मधोमध. ती घरात आली त्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, "तीन कशाला? तिसऱ्यावर काय गल्लीचं शिजवायचं?" त्यामुळे छोटा बर्नर कधी धड वापरला गेलाच नाही. त्यावर एकदा दूध उतू गेलं, ते भोकांत जाऊन बसलं आणि तो कायमचा झोपी गेला. आता त्याच्यावर सांडशी ठेवत.

वरचे साहेब वेळेवर आले, मागच्या दाराने. उंच, सडपातळ, हातात छत्री. मास्तरणीने त्यांना मागच्या खोलीत बसवलं.

"चूल बघून लगेच निघतो," ते म्हणाले.

"चहा घेऊन जा ना."

"पेटलेलीच बघावी लागते म्हणा. असा नियम आहे. करा चहा."

तिने आधण ठेवलं. आणि पुढच्या दारावर थाप पडली.

भावजींनी दार उघडलं आणि ते तसेच मागच्या पावली स्वयंपाकघरात आले. चेहऱ्यावर रंग नव्हता. "वहिनी, खालचे आलेत."

"कोण खालचे?"

"खालच्या राज्याचे. चूल बघायला. पुढच्या खोलीत बसवलंय."

मास्तरणीने गाड्याकडे पाहिलं, भावजींकडे पाहिलं. तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात, इथे तर दोघांतच बिघडायची वेळ आली होती. भावजी खालच्या आवाजात म्हणाले, "राहू दे वहिनी. तुझं होऊ दे. मी पुढच्या वर्षी परत धावेन." पण ते धावताना किती पहाटे उठत, हे तिला माहीत होतं. ठमीला पाजायला ती उठे तेव्हा त्यांच्या बुटांचा आवाज गल्लीतून दूर जाताना ऐकू येई.

"काही धावायला नको," कोपऱ्यात ठमीला मांडीवर घेऊन बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "वरच्यांना आधी दाखवा, ते जातील मागच्या दाराने. मग खालच्यांना दाखवा, ते जातील पुढच्या दाराने. चूल एकच आहे, पण तिला चाकं आहेत. चला."

बेत झकास होता. फक्त वरच्या साहेबांनी त्याच वेळी ठमीच्या आजीला मोठ्याने विचारलं, "मोरी कुठे आहे हो?" आणि मोरीत जाऊन कडी लावली. आणि खालचे साहेब, जे गोलमटोल आणि घाईचे होते, ते पुढच्या खोलीतून म्हणाले, "मला अजून चार घरं आहेत. आत येऊ का?"

"आलेच," मास्तरीण म्हणाली आणि तिने दांडी धरली.

कुईं.

ठमी खिदळली. आधण वरच्या राज्यात ठेवलं होतं, साखर खालच्या राज्यात पडली. गाडा खिडकीशी पोचतो न पोचतो तोच मोरीची कडी वाजली.

"परत," भावजी पुटपुटले.

कुईं. चहाची पूड वरच्या राज्यात पडली. ठमीला आता उचकी लागली होती, इतकी ती हसत होती. दूध नक्की कुठल्या राज्यात ओतलं, हे मास्तरणीला नंतर कधीही सांगता आलं नाही. गाडा खिडकीकडे निघाला होता आणि चहा फेसाळून पातेल्याच्या काठाशी आला होता. तिसऱ्या कुईंला ठमी अशी काही किंचाळून हसली की दोन्ही दारांत दोन साहेब एकदम उभे राहिले.

"काय झालं बाळाला?" वरच्या साहेबांनी विचारलं.

"चूल चालतेय," खालचे साहेब गाड्याकडे बघत म्हणाले. आवाजात राग नव्हता. आपली इतकी वर्षांची नोकरी फुकट गेली नाही असं वाटणाऱ्या माणसाचा तो आवाज होता.

कुणी काही बोलायच्या आत पुढच्या दारातून तिसरी हाक आली, "आजी आहेत का घरात?" आणि उत्तराची वाट न बघता पांढऱ्या कपड्यांतली, खांद्याला पिशवी अडकवलेली एक बाई थेट स्वयंपाकघरात आली. शेजारच्या बायका येतात तशी. तिने दोन साहेब पाहिले, मधोमध अडकलेला गाडा पाहिला, आणि म्हणाली, "अरे वा. बैठक आहे का?"

"तुम्ही कोण?" मास्तरणीने विचारलं.

"मी पलीकडची नर्स. आजींच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आलेय."

"कुणाच्या डोळ्यांच्या?"

"आजींच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलाय. आमच्या दवाखान्यात नंबर लागलाय त्यांचा. आमच्या राज्यातल्यांचंच करतो आम्ही, म्हणून म्हटलं चूल कुठे आहे ते बघून जावं."

 स्वयंपाकघरात फक्त ठमीची उचकी ऐकू येत होती. सासूबाई भिंतीकडे बघत होत्या, किंवा त्या जिकडे बघत होत्या तिकडे भिंत होती.

"माझं काही नाही," त्या म्हणाल्या. "ते नाव मी कधीच काढून टाकायला सांगितलंय. तूच तर भेटली होतीस नाल्याच्या पुलावर. मी म्हटलं, माझं नाव काढून टाक, आता गरज नाही."

"मला? मला नाही भेटलात आजी."

"भेटलीस ना. पांढरे कपडे, हातात मोठी पिशवी."

नर्सने जरा विचार केला. "बेकरीवाल्या बाई असतील. त्या पांढरा अंगरखा घालतात."

"म्हणूनच," सासूबाई हळूच म्हणाल्या. "ती मला विचारत होती, पाव नको का. मला वाटलं, भलतीच उद्धट बाई आहे."

वरचे साहेब छत्रीच्या मुठीत तोंड लपवून खोकले. खालचे साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. मास्तरणीला मात्र हसू आलं नाही. तिसऱ्यांदा वाढलेलं मीठ, बिनसाखरेचा चहा, न ओवलेल्या सुया, सगळं तिच्यासमोर एका रांगेत येऊन उभं राहिलं. आणि मिणमिणत्या विजेवर आपण किती हसलो, तेही.

"आई, नाव का काढायला सांगितलंत?"

"मग काय करू? चूल एक. इकडे तुझी बालवाडी, तिकडे याची आगगाडी."

"अग्निशमन, आई," भावजी म्हणाले.

"तेच ते. दिसायचं ते माझं दिसून झालंय. कामापुरतं दिसतं. ठमी दिसते."

"ठमी कशी दिसते?" मास्तरणीने विचारलं.

 सासूबाई मांडीवरच्या नातीच्या गालावरून अंगठा फिरवत म्हणाल्या, "गरम दिसते. आणि गोल."

मास्तरणीने डोळे पुसले, दांडी धरली आणि गाडा फडताळाकडे, पलीकडच्या राज्याकडे वळवला. चाक कुईं करून वाजलं. सासूबाईंनी ठमीला भावजींच्या हातात दिलं, आवाजाच्या रोखाने चार पावलं आल्या आणि दांडीचं दुसरं टोक पकडलं.

"सोड ते."

"आई, तुम्ही सोडा."

"टपून बसलीय ना एक जण त्या जागेसाठी? मग? सोड म्हणते ना."

"बालवाड्या काय, छप्पन्न निघतील."

"निघतील. तू तोवर नवऱ्याला बाबू बाबू करत बस."

एक इकडे ओढत होती, एक तिकडे. तीन राज्यांचे तीन प्रतिनिधी आणि एक होतकरू अग्निशामक बघत उभे होते. नर्स म्हणाली, "मी अशी भांडणं पुष्कळ बघितली. पण चूल आपल्याकडेच हवी म्हणून. नको म्हणून भांडणारी पहिल्यांदाच बघतेय." ओढाओढीत कुरकुरतं चाक पितळी खिळ्याच्या डोक्यावर चढलं, घसरलं, आणि गाडा खिळ्याच्या बरोबर वर अडून बसला. मागे होईना, पुढे होईना.

मास्तरीण वाकली. खाली खिळा, वर शेगडी. तिने शेगडीकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं. मग हळूच शेगडी दोन्ही हातांनी धरून गाड्यावरच जराशी फिरवली. एक मोठा बर्नर खिडकीकडे आला. दुसरा मोठा बर्नर फडताळाकडे गेला. राहिला तो छोटा, झोपलेला, त्याचं तोंड मागच्या दाराकडे झालं.

पोरांना गाणं शिकवताना ती जशी मान ताठ करून उभी राहायची, तशी उभी राहिली.

"साहेब, नियम काय आहे तुमचा? जिथे चूल पेटते, ते राज्य. बरोबर?"

"बरोबर," खालचे साहेब म्हणाले.

तिने चहाचं पातेलं खिडकीकडच्या बर्नरवर ठेवलं. "ही तुमच्या राज्यात पेटली." दुसऱ्यावर पाणी ठेवलं आणि लायटर दाबला. "ही नर्सबाईंच्या राज्यात."

"अहो, पण चूल एकच हवी," खालचे साहेब म्हणाले.

"एकच आहे. एक सिलेंडर, एक नळी, एक शेगडी. आई बघा, वेगळी केली का मी चूल?"

"नाही," सासूबाई नाइलाजाने म्हणाल्या.

खालचे साहेब खाली वाकले, खिळा बघितला, उठले, पुन्हा वाकले. मग नर्सला म्हणाले, "तुमची तर तुमच्याकडेच पेटलीय. माझीही माझ्याकडे पेटलीय. आमच्याकडे पेटली तर दुसरीकडे पेटू नये, असं मी कुठे वाचलेलं नाही."

"पळसाला पानं तीनच," नर्स म्हणाली. "आमच्याकडेही कुणी वाचलेलं नसणार."

वरचे साहेब तेवढे छत्री टेकून उभे होते. ते मागच्या दाराकडच्या छोट्या बर्नरकडे बघत होते. त्यावर सांडशी होती.

"आमच्याकडे काही पेटलेलं दिसत नाही," ते म्हणाले. खरं तर त्यांना वाईट वाटलं होतं. ते चहाची वाट बघत होते आणि चहाला वास छान येत होता.

"नाही," मास्तरीण म्हणाली. "तो बंद आहे. तुमची फेरी फुकट गेली, माफ करा. चहा घेऊन जा."

वरच्या साहेबांनी निघण्यासाठी छत्री उचलली.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या.

त्या गाड्यापाशी आल्या. हात पुढे करून त्यांनी खिडकीकडच्या बर्नरची धग घेतली, मग फडताळाकडच्या. मग हात मागच्या दाराकडे नेला. तिथे गार होतं. बोटांनी सांडशी उचलून बाजूला ठेवली, बर्नरचं तोंड चाचपलं.

"मास्तरीणबाई, मेलेला बर्नर स्वतःच्या वाटणीला ठेवलास होय?"

मास्तरीण चहा ढवळायला लागली.

"मला दिसत नाही. कळत नाही असं नाही."

अंबाड्यात हात घालून त्यांनी एक आकडा काढला, दातांनी सरळ केला. मधला नॉब बंद आहे ना, ते बोटाने बघितलं. बर्नरची टोपी काढली, आणि एकेका भोकात आकडा घालून कोरायला लागल्या. न बघता. बघून तरी काय होणार होतं, त्यांची मान वर होती आणि बोटं आपापली वाट शोधत होती. जळक्या दुधाचे काळे कण फरशीवर पडत होते.

"इतकी वर्षं चूल सांभाळली," त्या कोरता कोरता म्हणाल्या. "चूल पेटवायला डोळे लागत नाहीत. डोळे लागतात ते घरात कोण काय लपवतंय ते बघायला."

"ते तुम्हीच लपवत होतात," मास्तरीण म्हणाली.

"मी मोठी आहे. मला चालतं." त्यांनी टोपी बसवली. "आता लाव."

"थांबा," या वेळी भावजी म्हणाले. ठमीला नर्सकडे देऊन त्यांनी खिडकी सताड उघडली, दोन्ही दारं उघडली, गोणपाट ओलं केलं आणि ते हातात धरून गाड्यापाशी पाय रोवून उभे राहिले. "हं, लाव वहिनी. माझ्या मागे राहा सगळे."

"तुझ्या मागे राहून लायटर कसा दाबू?"

"बरं, मग शेजारी राहा."

खालच्या साहेबांनी या सगळ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "पोरगा बरा आहे," ते वरच्या साहेबांच्या कानात म्हणाले. "आमच्याकडच्यांना खिडकीची आठवण आग विझल्यावर होते."

मास्तरणीने नॉब फिरवला, लायटर दाबला. नुसतं फस्स झालं. पुन्हा दाबला. छोटा बर्नर एकदा खोकला, एका बाजूने पिवळा पेटला, विझू की नको करत राहिला आणि मग गोल फिरून निळा झाला. ज्योत वाकडी होती, एका भोकाशी अजून काळं होतं, पण पेटली होती.

"पेटली की," वरचे साहेब म्हणाले. मग कर्तव्याची आठवण होऊन म्हणाले, "पण वर काहीतरी शिजायला हवं."

मास्तरणीने ठमीच्या मऊ भाताचं इवलंसं पातेलं त्यावर ठेवलं. त्या बर्नरला तेवढंच पातेलं शोभत होतं. वरच्या साहेबांनी झाकण उचलून आत पाहिलं, वास घेतला आणि झाकण ठेवलं. "शिजतंय," ते गंभीरपणे म्हणाले. ठमीनेही नर्सच्या कडेवरून तितक्याच गंभीरपणे त्यांच्याकडे पाहिलं.

मग सगळ्यांनी एकाच पातेल्यातला चहा घेतला, आपापल्या राज्यात उभं राहून. कप ठेवायला जागा नव्हती, कारण सगळी जागा चुलीने घेतली होती. चहा जरा जास्तच उकळला होता. खालचे साहेब म्हणाले, "फिरून आलाय बिचारा."

संध्याकाळी थोरला घरी आला आणि स्वयंपाकघराच्या बरोबर मध्यात उभ्या गाड्याची त्याच्या पायाच्या अंगठ्याला ठेच लागली. "हा इथे काय करतोय?"

"राहतोय," सासूबाई म्हणाल्या. "आता हलवायचा नाही. बोटभरसुद्धा नाही."

"मग चाकं?"

"काढून टाक. त्या कुरकुरत्याला तेल घालायचं राहिलंय तुझं. आता नाही घातलंस तरी चालेल."

त्याने चाकं काढली आणि पाय वेल्ड केले. कुरकुरतं चाक मात्र मास्तरणीने ठेवून घेतलं. त्याला दोरी बांधून दिली तर ठमी ते घरभर ओढत नेते आणि स्वतःच स्वतःला हसवते. आता घरातल्या प्रत्येकाच्या पायाच्या अंगठ्याला एक तरी काळा डाग आहे, कारण चूल वाटेत येते. भावजी ड्यूटीवरून येतात आणि अंधारात तिलाच धडकतात. पण हलवा असं कुणी म्हणत नाही.

सासूबाईंचं ऑपरेशन झालं. एक डोळा आधी, एक नंतर. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली त्या सकाळी मास्तरीण बालवाडीला निघायच्या गडबडीत होती. खांद्यावर पिशवी, काखेत ठमी, ठमीच्या हातात चाक. सासूबाई काळा चष्मा लावून स्वयंपाकघराच्या दारात आल्या. चष्मा किंचित खाली केला आणि ठमीकडे बघत राहिल्या. बराच वेळ. ठमीने न्यायाधीशासारखं परत पाहिलं.

"ही तर माझ्यावर गेलीय," त्या म्हणाल्या. "थेट माझं नाक. इतके महिने कुणी बोललं नाही मला."

"आम्हाला वाटलं, तुम्हाला दिसतंय," मास्तरीण म्हणाली.

 सासूबाईंनी नातीचं नाक बोटाने एकदा चाचपलं, आपलं एकदा चाचपलं, आणि मग त्यांची नजर वर, छताकडे गेली. तिथेच थांबली. चष्मा आणखी खाली आला.

"मास्तरीणबाई."

"काय आई?"

"ही जळमटं कुठल्या राज्याची म्हणायची?"

मास्तरणीनेही वर पाहिलं. "तिन्ही राज्यांची आहेत," ती म्हणाली. "पण मला उशीर होतोय." आणि ती मागच्या दाराने चढाला लागली. काखेतली ठमी मान वळवून घराकडे बघत होती. चाकाची दोरी तिच्या मुठीतून सुटली, चाक उतारावरून कुईं कुईं करत मागे घरंगळत गेलं. मायलेकी दोघी तिथेच थांबून हसत राहिल्या, आणि आतून झाडू शोधणाऱ्या सासूबाईंचा आवाज आला, "हसा, हसा. आता मला सगळं दिसतं."